पारख नावाची फाइल

फ्लॉप्यांचं खोकं माझ्या टेबलावर ठेवण्याआधी सचिवांनी दाराकडे पाहिलं. खोकं चपलांचं होतं, सुतळीने बांधलेलं, आणि सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील होतं. तेवीस आहेत, मोजून घ्या, असं म्हणून त्यांनी पोचपावतीचा कागद पुढे केला. मी मोजल्या, सही केली. त्यांनी सही नीट वाचली आणि कागद शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. सचिव धुळ्याच्या एका छोट्या संस्थेचे. खान्देशातल्या गावोगावच्या ठरावीक विहिरींचं पाणी किती खोल गेलं, याची नोंद ही संस्था दर महिन्याला ठेवायची. प्रत्येक गावात नोंद घेणारा एक माणूस नेमलेला असे. ते आकडे धुळ्याला यायचे आणि तिथे एक प्रोग्राम त्यांचा रंगीत नकाशा काढायचा. पाणी वर असेल तिथे निळं वर्तुळ, खाली गेलं असेल तिथे पिवळं, फारच खाली असेल तिथे लाल.

तो प्रोग्राम ज्या परदेशी वर्कस्टेशनवर चालत होता ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कुठल्याशा अनुदानातून आलं होतं. आता ते चालू ठेवायला दिवसातून तीनदा बटण दाबावं लागे, आणि सुट्या भागांसाठी पत्र पाठवलं तर उत्तरही येत नसे. प्रोग्राम युनिक्सवर लिहिलेला. तो साध्या पीसीवर आणायचा तर विंडोजसाठी सगळाच पुन्हा लिहावा लागला असता. लिनक्स या युनिक्सच्याच वळणाच्या प्रणालीवर मात्र, निदान पुस्तकांत लिहिलं होतं त्याप्रमाणे, थोडीफार दुरुस्ती करून तो तसाच चालायला हवा होता. मी तसं सांगितलं. लिनक्स फुकट मिळतं म्हटल्यावर सचिवांच्या कपाळाला आठी पडली. फुकट असेल तर त्यात काहीतरी असणार, असं ते म्हणाले. मी त्यांना मासिकाबरोबर आलेली सीडी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि दोन बोटांनी धरून परत दिली.

निघताना ते पुन्हा बसले. प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. आवाज खाली आणून सचिव म्हणाले, "त्यांच्याकडे जायची वेळ आली तर जपून, मॅडम. जाताना काय काय घेऊन गेले ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती. लॅब रिकामी होती, आणि कूलरमध्ये पाणी ओतायलाही मीच. मी फ्लॉप्या एकेक करून उतरवल्या आणि कंपायलर चालवला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम. जिथे अडेल तिथे तो ओळीचा नंबर देऊन तक्रार करतो. पहिल्याच खेपेला तक्रारी इतक्या आल्या की पडदा वरून खाली वाहत गेला.

यातल्या बहुतेक तक्रारी खोट्या असतात. एका फाइलचा पत्ता चुकला की त्या फाइलवर अवलंबून असलेली प्रत्येक ओळ बोंब मारते, आणि कंपायलर ज्या ओळीकडे बोट दाखवतो तिथे चोर क्वचितच असतो. खिडक्या, बटणं, मेनू काढणाऱ्या फाइली लिनक्सवर वेगळ्या कपाटात होत्या. तो पत्ता दिल्यावर अर्ध्या तक्रारी गेल्या. जुन्या पद्धतीने लिहिलेली फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे, नव्या पद्धतीने लिहिल्यावर आणखी गेल्या. मूळ मशीनवरची बटणांची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, विकत घ्यावी लागणारी होती. तिच्यासारखीच वागणारी एक मोफत लायब्ररी मिळाली, पण तिच्यात दोन-तीन गोष्टी नव्हत्या, त्या मला स्वतः लिहाव्या लागल्या. शेवटी सगळे तुकडे एकत्र जोडताना लायब्रऱ्यांची नावं कुठल्या क्रमाने द्यायची यात एक पूर्ण दिवस गेला. नावं तीच, फक्त एक मागे आणि एक पुढे केलं, आणि चाळीस तक्रारींची एक झाली.

ती एक मात्र जाईना. ‘पारख’ नावाचं फंक्शन सापडत नाही, एवढंच ती सांगत होती.

प्रोग्राममध्ये सहा ठिकाणी पारखला हाक मारलेली होती, पण पारख लिहिलेलं कुठेच नव्हतं. तेवीस फ्लॉप्या मी पुन्हा चाळल्या. पारखचा तयार झालेला तुकडा मिळाला, म्हणजे जुन्या मशीनच्या भाषेत उतरवलेला. आमच्या पीसीला तो उपयोगाचा नव्हता. त्याचा प्रोसेसर निराळा. पण ज्या मजकुरावरून तो तयार झाला तो मजकूर नव्हता. बाकी प्रत्येक फाइलचा मजकूर होता, अगदी चाचणीसाठी लिहून टाकून दिलेल्यांचाही. फक्त हिचाच नव्हता.

फ्लॉपी खराब झाली असती तर शेजारच्या फाइलीही गेल्या असत्या. ही एकटीच गेली होती. कुणीतरी हाताने उचलल्यासारखी.

मी एसटीडी बूथवरून सचिवांना फोन केला. ते म्हणाले, मी तुम्हाला सांगितलं होतं.

दोन दिवसांनी मी धुळ्याच्या गाडीत बसले. एरंडोल, पारोळा करत अडीच तास. वाटेत मी नानांना काय विचारायचं याची उजळणी करत होते, आणि खरं सांगायचं तर उजळणी उलटतपासणीचीच होती. नानांचं घर पांझरेच्या पलीकडे, देवपूरच्या एका गल्लीत होतं. दार त्यांनीच उघडलं. सडपातळ, पांढरं धोतर, अंगात बनियन, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. ते दारातच उभे राहिले. कुणी पाठवलं ते विचारलं, पत्र आहे का विचारलं. सचिवांचं पत्र दिल्यावर त्यांनी आधी तारीख पाहिली, मग सही, मग मजकूर. त्यानंतर मला आत घेतलं.

त्यांच्या पत्नीने पाणी आणलं. नानांनी विचारलं, संस्थेला आता एकाएकी नवा प्रोग्राम कशाला हवा? मी जुन्या मशीनची दशा सांगितली. नव्या प्रोग्रामवर नाव कुणाचं असेल? तुमचंच, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

मग मी पारखचं विचारलं. ते अगदी सावकाश पाणी प्यायले.

"पारख नसली तर काय होतं?"

"प्रोग्राम तयारच होत नाही, नाना. तिथेच अडतो."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटून गेलं. क्षणभरच, पण मी पाहिलं. मग ते म्हणाले, त्यांच्याकडे संस्थेचं काहीही नाही, जे होतं ते सगळं तिथेच ठेवून ते आले. हे म्हणताना त्यांची नजर भिंतीतल्या फडताळाकडे गेली आणि लगेच परत आली. पारख नेमकं काय करतं एवढं तरी सांगा, असं मी म्हटलं. "नावात आहे," ते म्हणाले. पुढे बोलणं नव्हतं. मी उठले तेव्हा त्यांनी दारापर्यंत येऊन गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. माझ्याबरोबर आणखी कुणी आलंय का ते बघत असावेत.

परतीच्या गाडीत मला राग आला होता. फाइल त्या फडताळात आहे याबद्दल मला शंका उरली नव्हती. अनुदानाच्या पैशाने आलेल्या मशीनवर, पगार घेऊन लिहिलेली फाइल हा माणूस घरी दडवून बसतो, आणि ती नाही म्हणून काम अडल्याचा त्याला आनंद होतो. सचिवांचं म्हणणं मला पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पारखला जिथे जिथे हाक मारली होती ती ठिकाणं पुन्हा वाचली. पारखला विहिरीचा नंबर आणि त्या महिन्याचा आकडा दिला जात होता, आणि ते हो किंवा नाही असं उत्तर देत होतं. हो आलं तर वर्तुळात रंग, नाही आलं तर वर्तुळ कोरं. आकडा लिहिताना काही चूक झाली आहे का, एवढंच तपासत असेल, असं मी धरून चाललं. मग मी स्वतःचं पारख लिहिलं. एका ओळीचं. काहीही विचारा, उत्तर नेहमी हो.

प्रोग्राम तयार झाला. एकही तक्रार नाही. पण चालवल्यावर नकाशाऐवजी सगळी काळी वर्तुळं आली. आकडे छापून पाहिले तर बारा नंबरच्या विहिरीचा नंबर वीस कोटी तेरा लाख असा काहीतरी दिसत होता. मला वाटलं, नानांनी माहितीलाही कुलूप घातलं आहे. दोन दिवस मी त्या कुलपाची किल्ली शोधली आणि मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी कागदावर तो वीस कोटींचा आकडा यंत्र साठवतं त्या रीतीने लिहिला, आणि उलट्या बाजूने वाचला. बारा. कुलूपबिलूप काही नव्हतं. जुनं मशीन आकड्याचे तुकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडायचं, आमचा पीसी लहानाकडून मोठ्याकडे. पुस्तकात लिहिलेली गोष्ट होती. मी ती वर्गात शिकवलीही होती. मला लाज वाटली, पण नानांवरचा संशय काही त्यामुळे गेला नाही.

आकडे सरळ केले आणि नकाशा उमटला. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री, सगळीकडे भरलेली वर्तुळं, बरीचशी निळी. सचिव जळगावला आले, पडद्यासमोर उभे राहिले, आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. नकाशा इतका भरलेला कधी दिसला नव्हता, म्हणाले. मी प्रोग्रामची फ्लॉपी दिली. ती खिशात टाकताना ते म्हणाले, "बघा, अडलं का त्यांच्यावाचून?"

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. त्याच आठवड्यात माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याला मी फैजपूरला गेले. नकाशाची एक छापील प्रत बरोबर नेली होती, दाखवायला. आपलं काम दाखवायची हौस तेव्हा होती मला. काका केळीवाले, उभा जन्म विहिरी आणि बोअर करण्यात गेलेला. त्यांनी नकाशा खाटेवर पसरला, आपल्या बाजूची गावं शोधली आणि शेजारच्या एका गावावर बोट ठेवलं. तिथे निळं वर्तुळ होतं. निळं म्हणजे काय ते त्यांनी विचारलं. बारा मीटरच्या आत पाणी, मी सांगितलं.

काकांनी बोट तिथेच दाबून धरलं. "तठी कुठी विहीर हाये आता?"

आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून गेलो. संस्थेच्या यादीत विहिरीची खूण लिहिलेली होती, मारुतीच्या देवळामागे, चिंचेपासून वीस पावलं. चिंच होती, देऊळ होतं. वीस पावलांवर गुरांचा गोठा होता. गोठ्याच्या मालकाने सांगितलं, विहीर सात-आठ वर्षांपूर्वी बुजवली. वासरू पडलं होतं तिच्यात, आणि पाणी तर त्याच्याही आधी आटलेलं. पाण्याची पातळी मोजायला कुणी येतं का, मी विचारलं. तो हसला नाही, उलट माझ्याकडे संशयाने पाहू लागला. विचारू लागला की कुठल्या ऑफिसातून आलात, आणि गोठ्याचं काही काढणार आहात का.

जळगावला येऊन मी त्या विहिरीच्या नोंदी काढल्या. दर महिन्याला आकडा होता. उन्हाळ्यात थोडा खाली, पावसाळ्यात थोडा वर, सेंटिमीटरपर्यंत लिहिलेला. बुजवलेली विहीर आठ वर्षं इमानेइतबारे श्वास घेत होती.

नमुना म्हणून सचिवांनी खोक्यात जुन्या प्रोग्रामचा एक छापील नकाशा घातला होता. मी तो एकदाच वरवर पाहिला होता. त्यात बरीच वर्तुळं कोरी होती, आणि मी समजले होते की छापताना यंत्राच्या पेनातली शाई संपली असेल. आता तो उलगडला. काकांच्या शेजारच्या त्या गावाचं वर्तुळ कोरं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मला सचिवांचा संशय आला. नकाशा भरलेला पाहून ते इतके का हसले? फाइल कुणी काढली, नानांनी की ऑफिसने? आणि कोरी वर्तुळं भरणारी ती एक ओळ तर मी लिहिली होती, म्हणजे संशय घ्यायचाच तर आधी माझाच घ्यायला हवा होता.

मी पुन्हा धुळ्याला गेले. या खेपेला पत्र नव्हतं. नानांनी दार उघडलं आणि काही न विचारता आत घेतलं. मी दोन्ही नकाशे जमिनीवर शेजारी शेजारी अंथरले. नाना खाली बसले, चष्मा सारखा केला. मग नव्या नकाशावरच्या एकेका वर्तुळावर बोट ठेवत गेले.

"ही कशी भरली?"

मी सांगितलं. पारख सापडलं नाही म्हणून मी एक ओळ लिहिली, जिचं उत्तर कायम हो.

"एका ओळीत?"

"एका ओळीत, नाना."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हात मांडीवर ठेवले. मग आतल्या बाजूला वळून पत्नीला म्हणाले, "ती थैली आन. बठ्ठं त्यामाच शे."

सगळं जिच्यात होतं ती थैली फडताळातूनच आली. तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले छापील कागद होते, दोन्ही कडांना भोकं असलेले, शाई फिकी झालेली. पारखचा पूर्ण मजकूर. फ्लॉपीवर त्यांचा भरवसा नव्हता म्हणून कागदावर घेतलेला. म्हणजे सचिवांचं म्हणणं खरं होतं. फाइल नानांनीच नेली होती. मशीनवरून पुसून, ठरवून.

मग ते बोलले. पहिले नकाशे निघू लागले तेव्हा काही विहिरी त्यांना खोट्या वाटल्या. आजूबाजूच्या सगळ्या खाली जात असताना एखादी जागची हलत नसे. ते सुट्टीच्या दिवशी स्वखर्चाने एसटीने जाऊन त्या विहिरी पाहू लागले. काही बुजवलेल्या निघाल्या, काहींत मोजायची फीत तळाला लागेपर्यंत पाणीच नाही, काही ठिकाणी नोंद घेणारा माणूस घरी बसूनच आकडा लिहीत होता. त्यांनी वर सांगितलं. वरून सांगण्यात आलं की नकाशात भोकं दिसली तर पुढचं अनुदान अडेल, तेव्हा सध्या गप्प राहा. मग त्यांनी पारख लिहिलं. ज्या विहिरी स्वतः जाऊन खोट्या पाहिल्या त्यांची यादी त्यात होती, आणि ज्यांचे आकडे शेजारच्या विहिरींशी जुळत नाहीत त्या ओळखायची एक रीतही. अशा विहिरींना रंग मिळत नसे. कुणी विचारलं तर ते सांगत, प्रोग्रामच तसा आहे.

"मी गेल्यावर यादी कुणी बदलू नये, म्हणून मजकूर काढून घेतला," ते म्हणाले. "तयार झालेला तुकडा मशीनमध्ये होताच. मशीन चालू आहे तोवर पारख कुणाला काढता येणार नाही, असा माझा हिशेब."

मशीनच जाईल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

मी कागद वाचू लागले. विहिरींच्या नंबरांपुढे त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी शेरे लिहिले होते. बुजवली. कोरडी. घरून लिहितो. वाचता वाचता माझ्या मनात आलं, हे सगळं एका माणसाचं म्हणणं. कुणाशी भांडण असेल, कुणाचा सूड असेल, मला काय माहीत? काकांच्या शेजारची विहीर मी पाहिली होती, पण यादीतल्या बाकीच्यांचं काय? मी तोंडाने काही बोलले नव्हते, पण नानांनी ओळखलं.

"तुमचा माझ्यावर भरोसा नाही."

"नाही," मी म्हटलं.

त्यांना ते आवडलेलं दिसलं. त्यांनी सदरा चढवला. "मग यादीतलं कुठलंही एक गाव सांगा. जाऊन पाहू."

जवळ म्हणून मी सोनगीर सांगितलं. त्या बाजूच्या दोन विहिरी यादीत होत्या. आग्रा रोडने गाडी मिळाली. उन्हात किल्ल्याची टेकडी पांढरट दिसत होती. पहिल्या विहिरीवर लोखंडी जाळी होती आणि जाळीला कुलूप. कुलूप गंजून जाळीशी एक झालेलं, आणि जाळीच्या चौकोनांतून पिंपळाचं रोप माझ्या खांद्याएवढं वर आलेलं. नानांनी खिशातून टिपणवही काढून मला चालू महिन्याची नोंद काय आहे ते विचारलं. माझ्याकडे ती होती. नऊ मीटर चाळीस सेंटिमीटर. त्यांनी कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वही मिटली.

दुसरी विहीर पाऊण मैलावर शेतात होती. यादीत शेरा होता, कोरडी. आम्ही बांधावरून पोचलो तर मोटर चालू होती. कठडा नवा बांधलेला, आणि आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात दर महिन्याच्या मोजमापाच्या खुणा. शेतातल्या बाईंनी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी गाळ काढून विहीर खोल केली, आणि मोजणारे गुरुजी महिन्याच्या एक तारखेला येतात, कधी चुकत नाहीत. नाना कठड्यावर ओणवे झाले. बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, त्यांना उन्हाने चक्कर आली की काय. मी जवळ गेले तर ते थैलीतून कागद काढत होते. त्यांनी ती ओळ शोधली, पेनने आडवी रेघ मारली, आणि कागद माझ्याकडे दिला.

"ही खरी आहे आता. मी हिला पाच वर्षं खोटी ठरवली."

त्यातली निदान दोन वर्षं तरी ही विहीर खरं बोलत होती, आणि पारख तिला कोरं ठेवत होतं. यादी कुलपात होती, म्हणून चूक दुरुस्त करायलाही कुणाला जागा नव्हती. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. एसटीच्या थांब्यावर उभं असताना तेच म्हणाले की यादी प्रोग्रामच्या पोटात ठेवायलाच नको होती.

जळगावला आल्यावर मी पारख टंकून काढलं. शेजारच्या विहिरींशी आकडे ताडून पाहायची रीत तशीच ठेवली, यादी मात्र बाहेर काढली. तिची एक साधी वेगळी फाइल केली, कुणालाही उघडून वाचता येईल अशी. प्रत्येक ओळीत विहिरीचा नंबर, खरी की खोटी तो शेरा, पाहिल्याची तारीख आणि पाहणाऱ्याचं नाव. नाव नसेल तर प्रोग्राम ती ओळ मानत नसे. ही अट नानांची. कंपायलरने या खेपेला तीन तक्रारी केल्या, तिन्ही माझ्या टंकण्यातल्या चुका होत्या. नकाशात पुन्हा कोरी वर्तुळं आली.

सचिव तो नकाशा बघून हसले नाहीत. मी गोठ्याचं सांगितलं, जाळीतल्या पिंपळाचं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, की ही यादी नानांनी दिली का. हो म्हटल्यावर त्यांनी नकाशाची घडी घातली. "तो माणूस मला एकदा हे सांगायला आला होता," ते म्हणाले. "मी तेव्हा नवीन होतो. मला वाटलं, कुणाला तरी अडकवायला बघतोय." मी पहिली फ्लॉपी परत मागितली, जिच्यात माझी ती एक ओळ होती. शोधतो, म्हणाले. नंतर दोनदा विचारलं. सापडत नाही, असंच उत्तर आलं. त्यांना खरंच सापडत नव्हती की ठेवून घ्यायची होती, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या अहवालात आलेला प्रत्येक नकाशा मी भिंगाखाली धरून कोरी वर्तुळं मोजत असे.

ती कमी होत गेली, पण एकदम नाही. दिवाळीनंतर संस्थेचा फोन आला, यादीतून विहीर कशी काढायची आणि नवी कशी घालायची ते विचारायला. मी नानांना कळवलं. त्यांनी विचारलं, संस्थेची माणसं विहिरी पाहायला खरंच जातात, की आता यादीसुद्धा घरी बसून लिहितात? मी हसले, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्या वर्षीची यादी माझ्याकडे तपासायला आली तेव्हा त्यात काकांच्या शेजारच्या गावची एक नवी विहीर होती. बुजवलेलीच्या जागी नेमलेली. शेरा होता, स्वतः पाहिली, पाणी आहे. पाहणाऱ्याचं नाव सचिवांचं.

मी बूथवर जाऊन फैजपूरला फोन लावला. तुमच्याकडे असं कुणी विहीर बघायला आलं होतं का, काकांना विचारलं. आले होते, काका म्हणाले. भर दुपारी आले, स्वतः फीत सोडली, दोनदा मोजलं. जेवायचा आग्रह केला तर थांबले नाहीत, साधा चहासुद्धा घेतला नाही.